पोलिसांनी फोनचा पासकोड मागितला तर? (अनुभव आणि प्रश्न)

परतपावली
मंडळी, गेल्या आठवड्यातली गोष्ट आहे आणि अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे लिहितोय. रात्री उशिरा घरी येत होतो, नाकाबंदी लागली होती, गाडीची कागदपत्रं बघितली, सगळं नीट होतं. मग त्यातला एकजण म्हणाला, फोन दाखवा. मी खिशातून काढला. "लॉक उघडा." मी बोट ठेवलं आणि दिला त्याच्या हातात, एका सेकंदाचाही विचार केला नाही. त्याने व्हॉट्सॲप उघडलं, सर्चमध्ये काहीतरी टाइप केलं, काही मिळालं नाही बहुतेक, मग एकेक चॅट उघडून वर-खाली करायला लागला. सगळ्यात वर माझ्या बहिणीचं चॅट होतं. तिच्या तब्येतीचं गेले तीन महिने काय चाललंय ते फक्त तिला, डॉक्टरांना आणि मला माहीत आहे, घरात दुसऱ्या कोणालाही नाही. रिपोर्टचे फोटो तिथेच आहेत. तो ते वाचत होता आणि मी शेजारी उभं राहून बघत होतो.

पाच-सात मिनिटांनी फोन परत दिला, जा म्हणाला. नाव लिहून घेतलं नाही, कुठे नोंद नाही, काही नाही. तसं बघितलं तर काहीच झालं नाही. पण मला तेव्हापासून नीट झोप नाही. मी नाही म्हणू शकलो असतो का? आणि पासकोड सांगणं आणि बोट ठेवणं यात काही फरक असतो का, असं कुठेतरी वाचल्यासारखं वाटतं. जाणकारांनी कृपया सांगावं. बहिणीला मी अजून सांगितलेलं नाही.

स्पष्टवक्ता
तुम्हाला त्रास झाला ते समजू शकतो, पण दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका. माझ्या सख्ख्या भावाला मारहाण करून लुटलं होतं, तो दोन महिने अंथरुणात होता. ज्यांनी केलं ते पकडले गेले ते फक्त त्यांच्यातल्या एकाचा फोन उघडला म्हणून, आपसातले मेसेज आणि लोकेशन सगळं त्यात होतं. नाहीतर ती केस कधीच उभी राहिली नसती. पोलिसांनी फोन बघूच नयेत असं कोणी म्हणालं की मला भावाचा चेहरा आठवतो. आपण काही केलं नसेल तर पाच मिनिटं फोन बघितला म्हणून काय बिघडतं असं मला खरंच वाटतं.

काळाकोट
@परतपावली, मी फौजदारी वकिली करतो, जमेल तेवढं सोपं करून लिहितो. तुमच्या प्रश्नात तीन वेगळे प्रश्न मिसळलेत आणि लोक नेहमी ते एकत्र करतात तिथेच घोळ होतो. फोन ताब्यात घेणं ही एक गोष्ट. फोनच्या आत बघणं ही दुसरी. आणि तुमच्या डोक्यातला पासकोड तुमच्या तोंडून काढून घेणं ही तिसरी. तिन्हींचे नियम वेगळे आहेत.

तुमच्या बाबतीत जे झालं ते यातल्या कशातच बसत नाही. तुमच्यावर गुन्हा नाही, अटक नाही, तपासाचा काही कागद नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून फोन उघडायला लावा असा सरसकट अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या (सीआरपीसी) जागी आलेल्या कायद्यात, मला तरी कुठे दिसत नाही. कलम ९४ खाली एखादी वस्तू किंवा डिजिटल पुरावा असलेलं उपकरण हजर करायला सांगता येतं, पण त्यासाठी कोर्टाचं समन्स किंवा पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो. तपासात तातडीची झडती घ्यायची तर कलम १८५ आहे, तिथेही कारणं आधी लिहून ठेवावी लागतात. कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरण करायचं असतं. आता तुम्हीच सांगा यातलं तुमच्यासमोर काय झालं.

मग त्याने कुठल्या अधिकारात बघितलं? तुमच्या संमतीने. हेच उत्तर उद्या कुठेही दिलं जाईल. "साहेब, त्यांनी स्वतःच उघडून दिला." आणि ते खोटंही नाही. तुम्ही घाबरून दिलात हे कुठल्याच कागदावर येत नाही. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ जणांची गोष्ट इथेच संपलेली असते, कायदा काय म्हणतो तिथपर्यंत प्रकरण पोचतच नाही.

तुम्ही एकटे नाही आहात. २०२१ मध्ये हैदराबादला पोलीस रस्त्यावर लोकांना थांबवून त्यांच्या चॅटमध्ये गांजा हा शब्द शोधतायत असे व्हिडिओ देशभर फिरले होते, तेव्हा बरीच चर्चा झाली होती.

परतपावली
काळाकोट, सविस्तर लिहिलंत, आभारी आहे. संमती हा शब्द वाचून पोटात कालवलं. मी खरंच संमती दिली का? तो काही ओरडला नव्हता, शांतपणेच बोलला होता, पण नाही म्हणायचा पर्याय समोर आहे असं मला वाटलंच नाही. बोट आणि पासकोड यातल्या फरकाचं राहिलं.

काळाकोट
हो, ते लिहितो. राज्यघटनेचं कलम २०(३) सांगतं की आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. आता साक्ष म्हणजे काय? १९६१ मध्ये काथी कालू ओघड खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने ठरवलं की बोटांचे ठसे, हस्ताक्षराचा नमुना हे देणं म्हणजे साक्ष नव्हे. का, तर ते तुमच्या मनातलं ज्ञान नाही, ठसा नुसता जुळवायला वापरतात. मग २०१० साली सेल्वी खटल्यात कोर्ट म्हणालं की नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग या चाचण्या माणसाच्या संमतीशिवाय करता येणार नाहीत, कारण तिथे मनात शिरून माहिती काढली जाते.

पासकोड या दोन्हींच्या मधे अडकलाय. तो मनात आहे, पण स्वतःहून तो कुठल्याच गुन्ह्याबद्दल काही सांगत नाही. २०२१ मध्ये कर्नाटक हायकोर्टाने वीरेंद्र खन्ना प्रकरणात म्हटलं की पासवर्ड देणं ही स्वतःविरुद्ध साक्ष होत नाही, मात्र फोनची झडती घ्यायला साधारणपणे कोर्टाचं वॉरंट घ्यावं. पुढच्याच वर्षी दिल्लीतल्या विशेष सीबीआय कोर्टाने नेमकं उलट सांगितलं, पासवर्ड सांगायची सक्ती करता येणार नाही, पण बोट किंवा चेहरा वापरायला लावता येईल. सुप्रीम कोर्टाचा यावर स्पष्ट अंतिम निकाल मी तरी वाचलेला नाही. त्यामुळे आज माझ्या अशिलाला मी एवढंच सांगतो की पासकोडच्या बाजूने भांडायला जागा आहे, बोटाच्या बाजूने फार कमी आहे.

तारायंत्र
मी बंद पडलेल्या फोनमधला डेटा काढायचं काम करतो त्यामुळे तांत्रिक बाजू सांगतो. लोकांना वाटतं लॉक म्हणजे दाराची कडी, तोडली की आत. तसं नसतं. आजच्या फोनमधला सगळा डेटा एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारा, असतो आणि त्याची किल्ली तुमचा पासकोड आणि फोनच्या चिपमध्ये कोरलेला एक गुप्त आकडा या दोघांपासून मिळून तयार होते. म्हणून मेमरीची चिप काढून दुसऱ्या मशीनला लावून काही उपयोग होत नाही, प्रयत्न त्याच फोनवर करावे लागतात.

ॲपलने मुद्दाम असं बनवलंय की एकेक पासकोड तपासायला साधारण ८० मिलिसेकंद लागतात. चार आकडी पासकोडच्या शक्यता किती, १०,०००. म्हणजे चुकीच्या प्रयत्नांवरची मर्यादा कोणी काढून टाकली तर पाव तासाच्या आत सगळे आकडे करून होतात. सहा आकड्यांना १० लाख शक्यता, तिथे बावीस-तेवीस तास. आणि अक्षरं-आकडे मिसळून सहा खुणांचा ठेवला तर ॲपलच्याच हिशोबाने साडेपाच वर्षं. जन्मसाल ठेवणाऱ्यांनी यावर जरा विचार करावा.

२०१५ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत सॅन बर्नार्डिनोला गोळीबार झाला होता, त्यातल्या हल्लेखोराच्या आयफोनवरून एफबीआय आणि ॲपलची जुंपली ती याच मर्यादेवरून. दहा चुकांनंतर फोन स्वतःला पुसून टाकेल ही भीती होती, ती सोय बंद करणारं सॉफ्टवेअर ॲपलने लिहून द्यावं असा आदेश कोर्टाने दिला होता. ॲपलने नकार दिला. मार्च २०१६ मध्ये एफबीआयने बाहेरच्या कोणाच्या तरी मदतीने फोन उघडला आणि केस मागे घेतली, त्यामुळे मूळ प्रश्न तसाच राहिला.

अजून एक फार महत्त्वाचं जे कोणी सांगत नाही. फोन चालू केल्यावर पहिल्यांदा पासकोड टाकायच्या आधीची अवस्था आणि एकदा टाकल्यानंतरची अवस्था यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. एकदा उघडलेला फोन नंतर लॉक दिसत असला तरी बऱ्याचशा किल्ल्या त्याच्या मेमरीत जाग्या असतात, आणि पोलिसांकडे जी सेलेब्राइटसारखी यंत्रं असतात त्यांना तिथे हात घालायला जास्त वाव मिळतो. फोन बंद करून ठेवला की त्या किल्ल्या जातात. शिवाय रीस्टार्टनंतर बोट आणि चेहरा चालत नाही, पासकोडच लागतो. म्हणूनच आयफोनमध्ये अलीकडे तीन दिवस न उघडलेला फोन आपोआप रीस्टार्ट होतो, अँड्रॉइडमध्येही ती सोय आली आहे.

फोन बंद करायचा नसेल तर आयफोनला बाजूचं बटण आणि आवाजाचं बटण एकत्र दोन-तीन सेकंद दाबून धरा, तेवढ्याने चेहरा-बोट बंद होतं. बऱ्याच अँड्रॉइडमध्ये पॉवर मेनूत लॉकडाउन नावाचा पर्याय असतो.

काळाकोट
तारायंत्र, यात एक भर घालतो कारण लोक अर्धवट वाचून अडचणीत येतील. हे सगळं आधी, रोजची सवय म्हणून करायचं. समोर पोलीस उभे असताना, फोन मागितल्यावर घाईघाईने मेसेज डिलीट करायला गेलात तर पुरावा नष्ट केल्याचा वेगळा गुन्हा अंगावर येईल. डिलीट कधीच करू नका. आणि झटापट तर अजिबात नको, फोन हातातून घेतला तर घेऊ द्या, भांडण नंतर कागदावर करायचं.

सातासमुद्रापार
मी अमेरिकेत असतो, इथलं सांगतो. २०१४ मध्ये रायली खटल्यात सुप्रीम कोर्टाने ९-० असा एकमताने निकाल दिला की अटक केलेल्या माणसाचाही फोन वॉरंटशिवाय बघता येणार नाही. सरकारचं म्हणणं होतं की खिशातलं पाकीट बघता येतं तसाच फोन. कोर्टाने ते मानलं नाही, कारण पाकिटात माणसाची सगळी वर्षं मावत नाहीत.

पण वॉरंट असलं तरी पासकोड सांगावाच लागेल का यावर राज्याराज्यात फरक आहे. पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं सक्ती करता येणार नाही, न्यू जर्सीच्या न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं येईल. नदीच्या अलीकडे एक हक्क आणि पलीकडे दुसरा. अंगठ्याचंही तसंच, २०२४ मध्ये एका फेडरल अपील कोर्टाने म्हटलं अंगठा लावायला लावणं म्हणजे साक्ष नव्हे, २०२५ मध्ये दुसऱ्या अपील कोर्टाने म्हटलं की आहे, कारण अंगठ्याने फोन उघडला की हा फोन माझा आहे आणि तो कसा उघडतो हे मी जाणतो असं त्यातून सांगितलं जातं. मला हे दुसरं म्हणणं पटतं.

फिलाडेल्फियातल्या एका माजी पोलीस सार्जंटने हार्ड डिस्कचं लॉक उघडायला नकार दिला म्हणून त्याला कोर्टाच्या अवमानासाठी चार वर्षांहून जास्त आत ठेवलं होतं, २०२० मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की अशी कोठडी १८ महिन्यांपेक्षा जास्त चालणार नाही, तेव्हा सुटला. त्याच्यावरचे आरोप फार वाईट होते, लहान मुलांच्या अश्लील चित्रांचे, त्यामुळे त्याच्याबद्दल मला सहानुभूती नाही. पण नियम वाईट माणसांच्या केसमध्येच ठरतात आणि मग लागू होतात तुम्हा-आम्हाला.

वळणवाट
ब्रिटनमध्ये तर थेट कायदाच आहे. २०००च्या रिपा कायद्यातल्या (तपास यंत्रणांच्या अधिकारांचा कायदा) कलम ४९ ची नोटीस आली आणि पासवर्ड दिला नाही तर दोन वर्षांपर्यंत कैद, राष्ट्रीय सुरक्षा किंवा मुलांवरच्या अत्याचाराचं प्रकरण असेल तर पाच वर्षांपर्यंत. विमानतळावर दहशतवादविरोधी कायद्याखाली तर संशय असायचीही गरज नाही. म्हणजे तिथे गप्प राहण्याच्या हक्काला फोनपुरती मोठी फट पाडलेली आहे आणि बहुतेकांना ते माहीतही नाही.

युरोपियन युनियनच्या न्यायालयाने मात्र ऑक्टोबर २०२४ मध्ये चांगला निकाल दिला. ऑस्ट्रियात एका माणसाच्या नावाने आलेल्या पार्सलमध्ये ८५ ग्रॅम गांजा सापडला, पोलिसांनी फोन जप्त केला आणि त्याला न कळवता उघडायचे प्रयत्न केले. न्यायालय म्हणालं, फोन बघणं फक्त मोठ्या गुन्ह्यांपुरतं नाही, पण आधी न्यायालयाची किंवा स्वतंत्र यंत्रणेची परवानगी हवी आणि तपासाला धोका नसेल तेव्हा त्या माणसाला कळवायलाही हवं.

स्पष्टवक्ता
वाचतोय सगळं. एक विचारतो. एवढं सगळं कुलूपबंद झालं तर माझ्या भावासारख्यांना न्याय कसा मिळणार? आरोपी गप्प बसणार आणि फोनही गप्प.

काळाकोट
@स्पष्टवक्ता, प्रश्न रास्त आहे. तुमच्या भावाच्या केसमध्ये गुन्हा नोंदवलेला होता, संशयित ठरलेला होता, काय शोधायचं हे माहीत होतं. तिथे कोर्टाकडे गेलं तर परवानगी मिळते, मी स्वतः पाहिलंय. शिवाय पोलिसांकडे नुसता फोन नसतो, कॉल रेकॉर्ड, टॉवर लोकेशन, कंपन्यांकडचे बॅकअप, समोरच्याच्या फोनमधले तेच मेसेज, हे सगळं कायदेशीर मार्गाने मिळतं. परतपावलींच्या बाबतीत गुन्हाच नव्हता. आधी फोन उघडायचा आणि मग त्यात गुन्हा सापडतो का बघायचं, हा तपास नाही.

अबोली
मी सहसा फक्त वाचते, आज लिहिते. सगळे आरोपीबद्दल बोलताय. मी तक्रारदार होते. एक माणूस मला वर्षभर घाणेरडे मेसेज पाठवत होता, मी धीर करून तक्रार दिली, सोबत स्क्रीनशॉट दिले. मला सांगितलं फोन जमा करा, पासकोड लिहून द्या. मी दिला, कारण नाही दिला तर तक्रार घेणार नाहीत असं वाटलं. फोन साडेचार महिने तिकडे होता. त्यात माझे सगळे फोटो, नवऱ्याशी झालेली भांडणं, आईशी बोललेलं, सगळं. मला हवे होते फक्त एका नंबरवरून आलेले मेसेज. नंतर चौकशीत मला विचारलं गेलं की अमुक मित्राशी तुमचे संबंध काय, ज्याचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नाही. तेव्हा मला कळलं की त्यांनी काय काय वाचलंय. मी तक्रार मागे घेतली.

त्या माणसाचा फोन कोणी मागितला होता की नाही हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

वळणवाट
अबोली, वाचून फार वाईट वाटलं. इंग्लंडमध्ये अगदी हेच होत होतं, बलात्काराची तक्रार करणाऱ्या बायकांचे फोन सरसकट रिकामे करून घेत होते. २०२० मध्ये तिथल्या अपील कोर्टाने सांगितलं की तक्रारदाराचा फोन आपोआप बघायचा नसतो, ठरावीक मुद्द्याशी संबंध असेल तरच, आणि तोही शक्यतो कमीत कमी. २०२२ मध्ये त्यावर कायदाही झाला, त्यात लेखी संमती कशी घ्यायची आणि नकार दिला तर केवळ तेवढ्यावरून तपास थांबणार नाही हे तक्रारदाराला सांगायचं, असं आहे.

काळाकोट
अबोलीताई, तुमच्याबाबतीत ठरावीक चॅट एक्सपोर्ट करून, तुमच्यासमोर त्याची प्रत काढून, हॅश व्हॅल्यू लिहून पुढे जाता आलं असतं. हॅश म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा, आत एक अक्षर बदललं तरी तो बदलतो. नव्या साक्ष अधिनियमात कलम ६३ च्या प्रमाणपत्रात तो लिहायला जागाच ठेवली आहे. कोणाचाही फोन जप्त होत असेल, आरोपी असो की तक्रारदार, पंचनाम्याची प्रत मागा, त्यात मॉडेल आणि आयएमईआय नंबर (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) आहे का बघा, सील कोणासमोर लावलं ते लिहून घ्या. पासकोड दिलात तर "तपास अधिकाऱ्यांनी मागितल्यावरून दिला" असं लिहायला लावा. हे एक वाक्य नंतर फार कामाला येतं. उपकरणांच्या जप्तीसाठी नियम करा असं सुप्रीम कोर्टाने केंद्र सरकारला २०२३ मध्ये पत्रकारांच्या संघटनेच्या याचिकेवर सुनावलं होतं. २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलं, पण चौकीतल्या टेबलापर्यंत तो पोचायला असे छोटे छोटे नियमच लागतात.

तारायंत्र
बॅकअपचं राहिलं, काळाकोटनी उल्लेख केला म्हणून. फोनला कितीही मोठा पासकोड ठेवा, व्हॉट्सॲपचा बॅकअप क्लाउडवर साधा पडलेला असेल तर तो कंपनीकडून आदेशाने मागवता येतो, तुमच्या पासकोडची गरजच पडत नाही. एन्ड टू एन्ड एन्क्रिप्टेड, म्हणजे कंपनीलाही वाचता न येणाऱ्या, बॅकअपची सोय २०२१ पासून आहे, सेटिंगमध्ये जाऊन स्वतः चालू करावी लागते. त्याचा पासवर्ड विसरलात तर मात्र बॅकअप गेलाच समजा.

स्पष्टवक्ता
अबोलीताईंचा प्रतिसाद वाचल्यावर काल दिवसभर काही लिहिलं नाही. भावाच्या वेळी त्याचाही फोन घेतला होता, त्याचं काय झालं मी कधी विचारलंच नव्हतं. काल विचारलं. म्हणाला परत मिळाला तेव्हा त्याने न बघताच विकून टाकला, हातात धरवत नव्हता. मला हे इतकी वर्षं माहीत नव्हतं. आरोपींचे फोन उघडले गेले पाहिजेत हे माझं मत आजही आहे, पण कोर्टाच्या कागदाने. पहिल्या प्रतिसादात काय बिघडतं असं लिहिलं होतं ते मागे घेतो.

सातासमुद्रापार
@परतपावली, पुढच्या वेळी काय बोलायचं ते आत्ताच ठरवून ठेवा, ऐनवेळी सुचत नाही. इथे हक्कांचं शिकवणारे लोक एक वाक्य पाठ करायला सांगतात, त्याचं मराठी साधारण असं होईल: "साहेब, मी सहकार्य करतोय, पण फोनच्या झडतीला माझी संमती नाही, लेखी आदेश असेल तर दाखवा." आवाज न चढवता. तरी फोन घेतला तर घेऊ दे, पण संमती दिली नव्हती हे तुमच्या बाजूला राहतं. वेळ, ठिकाण, गाडीचा नंबर, गणवेशावरचं नाव घरी जाऊन लगेच लिहून ठेवा.

परतपावली
सगळ्यांचे आभार. वाक्य लिहून घेतलंय. पासकोड आठ खुणांचा केला, बोटाने उघडायची सोय काढून टाकली, बॅकअपचं सेटिंग बदललं. वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या नावे तक्रार अर्ज तयार केलाय, काळाकोटनी व्यनिमध्ये (खाजगी निरोपात) तपासून दिला. उद्या देतोय.

परवा बहिणीला सांगितलं. मला वाटलं होतं चिडेल, रडेल, पण ती आधी बराच वेळ काही बोललीच नाही. मग तिने एवढंच विचारलं, "किती वरपर्यंत गेला होता रे तो?" पहिल्या रिपोर्टपर्यंत की फक्त शेवटचे मेसेज, हे तिला हवं होतं. मी आठवायचा खूप प्रयत्न केला. मी तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो, स्क्रीनकडे नाही. मला तिला काहीच सांगता आलं नाही.